गोल्डफ्रॅपचा 'हेड फर्स्ट' आणि १९८४ चा आवाज: घरी तसा का लागत नाही?

खर्जसप्तक (धागाकर्ता)

गोल्डफ्रॅप या ब्रिटिश जोडीचा 'हेड फर्स्ट' मार्च २०१० मध्ये म्यूट रेकॉर्ड्सने काढला. गाणारी ॲलिसन गोल्डफ्रॅप, सोबत विल ग्रेगरी. नऊ गाणी, सगळी मिळून ३८ मिनिटांच्या आसपास. त्याआधीचा 'सेव्हन्थ ट्री' (२००८) मंद, ॲकूस्टिक गिटारींचा होता. त्यावरून एकदम हा: रुंद सिंथ ब्रास (सिंथेसायझरवरचा तुतारीसारखा आवाज), सप्तकात उड्या मारणारा बास, चकचकीत ध्रुवपदं. सगळं वळण १९८३-८४ च्या अमेरिकन एफएम रेडिओचं.

प्रश्न असा. सॉफ्टवेअर सिंथमध्ये 'एटीज ब्रास' नावाचा प्रीसेट (तयार आवाज) उघडायचा, खाली सोळांश (पाव ठोक्याचा) बास, स्नेअरला गेटेड रिव्हर्ब (मध्येच कापलेला प्रतिध्वनी). एवढं केलं की जाहिरातीतला 'रेट्रो' आवाज तयार होतो. 'हेड फर्स्ट' तसा लागत नाही. तिथे ब्रास जाड आहे तरी गाणं दबत नाही, ड्रम मोठे आहेत तरी गायिकेला जागा राहते. हा फरक येतो कुठून? प्रीसेटची नावं नकोत. आकडे, क्रम आणि कारणं हवीत. साहित्य एवढंच धरा: रीपर (ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर), एक बरा हेडफोन, त्यात जोडायचे मोफत किंवा स्वस्त प्लगइन.

काळी_पाच

पहिली गोष्ट, दशक धरू नका, वर्ष धरा. 'ऐंशीचं दशक' असा एकच आवाज कधीच नव्हता.

१९८१ चा आवाज कोरडा: टीआर-८०८ किंवा तत्सम ॲनालॉग ड्रम, एका वेळी एकच सूर वाजवणारे सिंथ, ट्रॅक कमी, रिव्हर्ब बेताचा. १९८४ येईपर्यंत ओबरहाइम ओबी-एक्सए आणि ज्युपिटर-८ सारखे आठ स्वरांचे पॉलिफोनिक (एकाच वेळी आठ सूर वाजवणारे) सिंथ स्थिरावले होते. मुद्रित ठोके वाजवणारा लिनड्रम (१९८२) आला, यामाहा डीएक्स७ सिंथ आणि यंत्रं एकमेकांना जोडणारी मिडी (दोन्ही १९८३) आले. १९८७ मध्ये रोलँड डी-५० आला आणि त्याच सुमारास सॅम्पलर (मुद्रित आवाज वाजवणारी यंत्रं) सगळीकडे पसरले; आवाज काचेसारखा, लांब शेपटीचा झाला. बाजारातले 'एटीज' प्रीसेट संच या तिन्ही काळांतलं उचलून एकत्र करतात. ८०८ ची टाळी, डी-५० चा पॅड (मागे पसरणारा लांब आवाज) आणि ओबी ब्रास एकाच गाण्यात आले की कान लगेच ओळखतो.

याचा पुरावा त्याच काळात सापडतो. ला रूचा पहिला अल्बम २००९ चा. तेव्हा ला रू हीसुद्धा जोडीच होती, एली जॅक्सन आणि बेन लँगमेड. ग्रॅमीच्या ५३ व्या सोहळ्यात (२०११) इलेक्ट्रॉनिक/डान्स अल्बमच्या गटात 'ला रू' आणि 'हेड फर्स्ट' दोघांनाही नामांकन होतं. मिळालं ला रूला. दोन्ही ब्रिटिश जोड्या, दोन्हींचं वळण जुनं, तरी एकापाठोपाठ ऐका: ला रूचा अल्बम १९८१-८२ च्या इंग्लंडमध्ये उभा आहे, टोकदार आणि थंड. 'हेड फर्स्ट' १९८४ च्या लॉस एंजेलिसमध्ये, रुंद आणि उबदार. दोघींनी आपापलं वर्ष सोडलं नाही, म्हणून दोन्ही खरे वाटतात.

ओबीवाला

काळी_पाच यांच्याशी शंभर टक्के सहमत. आता ब्रासबद्दल. हा ओबरहाइम धाटणीचा ब्रास ओबी-एक्सडी किंवा सर्ज एक्सटी या सिंथ प्लगइनमध्ये शून्यापासून असा बांधा:

दोन ऑसिलेटर (लहर तयार करणारे भाग), दोन्ही सॉ (करवतीच्या दातांसारखी लहर), एकाच सप्तकात. दुसरा ६ ते ८ सेंटने (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) वर. १५ सेंटच्या पुढे गेलात की ट्रान्सचा सुपरसॉ होतो, आणि तो नव्वदच्या दशकाचा. फिल्टर लो-पास (वरचे सूर कापणारा), १२ डीबी प्रति सप्तक. बहुतेक प्रीसेट इथेच फसतात, कारण ते २४ डीबीचा उतार वापरतात. त्याने वरचे सूर जास्त कापले जातात आणि मग ते परत आणायला लोक कटऑफ वाढवतात. १२ डीबीचा उतार सौम्य, त्यामुळे फिल्टर अर्धा बंद असूनही वर थोडी चमक शिल्लक राहते.

रेझोनन्स शून्य. फिल्टर एन्व्हलप (सूर दाबल्यावर फिल्टर कसा उघडतो-मिटतो): अटॅक (उघडायचा वेळ) १५ ते ३० मिलिसेकंद, डिके ६०० च्या आसपास, सस्टेन ६५ टक्के, रिलीज २५० ते ३००. ॲम्प्लिट्यूडचा (आवाजाच्या पातळीचा) अटॅक मात्र ५ च्या आत ठेवा. फिल्टर उशिरा उघडतो आणि आवाज आधीच आलेला असतो, त्या दोन्हींमधल्या अंतरातून ब्रासचा 'फ्वा' तयार होतो. दोन्ही अटॅक सारखे ठेवले तर ऑर्गन ऐकू येतो.

पॉलिफोनी ८ वर बांधा. प्लगइन ३२ स्वर देतो म्हणून ३२ घेऊ नका. आठच स्वर असले की नवा कॉर्ड जुन्याच्या शेपट्या कापतो. कॉर्ड बदलताना जी स्वच्छता ऐकू येते ती तिथूनच येते.

अनुस्वार

आणि रिव्हर्ब? धागाकर्त्यांनी मागे रिव्हर्बचा उल्लेख केलाय.

ओबीवाला

ब्रासवर जवळजवळ नाहीच. रुंदी रिव्हर्बमधून घ्यायची नाही, स्वरांच्या पॅनिंगमधून (डावी-उजवीकडे मांडण्यातून) घ्यायची. ओबी-एक्सडीत 'व्हॉइस व्हेरिएशन' विभागात आठ पॅनचे खुंटे आहेत. पहिला थोडा डावीकडे, दुसरा थोडा उजवीकडे असे आलटून पालटून, मध्यापासून २० ते ४० टक्के. त्याच विभागात फिल्टर आणि एन्व्हलपचा फरक १० ते १५ टक्के द्या. मग तोच कॉर्ड दुसऱ्यांदा दाबला की वेगळ्या जागी आणि किंचित वेगळ्या रंगात पडतो.

षड्जग्राम

हा फरक ज्यांना कानाने पकडता येत नाही त्यांनी तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा आठवाव्यात. दोन्ही षड्जात, पण त्यांच्यातल्या अगदी बारीक फरकाने जो संथ हेलकावा येतो तो आवाजाला जिवंत करतो. फरक वाढला की तीच जोड बेसूर होते. ६-८ सेंटची मर्यादा तशीच आहे.

एक सुधारणा सुचवतो. सेंट हे प्रमाण असल्यामुळे वरच्या सप्तकात तोच फरक हर्ट्झमध्ये दुप्पट होतो आणि हेलकावा दुप्पट वेगाचा होतो. २६१ हर्ट्झच्या सी वर ७ सेंट म्हणजे साधारण सेकंदाला एक ठोका. एक सप्तक वर दोन. म्हणून वरच्या सप्तकातल्या ओळींसाठी तोच पॅच वापरायचा असेल तर डिट्यून ४ सेंटवर आणा.

ओबीवाला

@षड्जग्राम, बरोबर. भर घालायलाच हवी होती.

कॉर्डबद्दलही सांगतो, कारण निम्मा परिणाम तिथे आहे. त्या काळच्या ब्रासमध्ये डाव्या हाताने कॉर्ड वाजवत नाहीत. तळाला बास एकाच सुरावर थांबतो, सी समजा, आणि वर उजव्या हाताने साधे तीन स्वरांचे कॉर्ड सरकतात: सी, मग एफ, मग जी, परत एफ. बास जागेवर असल्याने जी कॉर्ड सीच्या डोक्यावर ताणलेला लागतो आणि परत सीवर आला की ताण सुटतो. व्हॅन हेलनच्या १९८४ च्या 'जंप'मधली ओबी-एक्सएची प्रसिद्ध सुरावट याच पद्धतीची आहे, आणि 'हेड फर्स्ट'मधलं 'रॉकेट' ऐकताना अनेकांना तीच आठवते. सातवा किंवा नववा स्वर घालू नका. तो जॅझकडे किंवा आजच्या लो-फायकडे ओढतो.

ठेकाघर

ड्रमकडे वळू. लिनड्रमचे नमुने ८ बिटचे म्हणून लोक त्यावर ८ बिटचा क्रशर (आवाजाच्या पायऱ्या कमी करणारा प्लगइन) लावतात आणि मग चाळणीतून आल्यासारखी खरखर येते. लिनड्रमचा ८ बिट सरळ नव्हता, कंपँडिंगचा होता. म्हणजे लहान आवाजांना जास्त पायऱ्या, मोठ्यांना कमी. त्याची गतिक मर्यादा साध्या १२ बिटच्या जवळ जाते. म्हणून क्रशर १२ बिट, सॅम्पल रेट २८ ते ३० किलोहर्ट्झ. आणि क्रशरनंतर लो-पास लावू नका. ती थोडी तिखट किनार स्नेअरला हवीच असते.

हायहॅट एकच नमुना, प्रत्येक वेळी तोच. आठ वेगळे नमुने आळीपाळीने वाजवणारी आजची सोय बंद करा. ठोक्याच्या जोराचे दोन-तीनच टप्पे ठेवा: ठळक, साधा, हलका.

टॉमसाठी सिमन्सच्या इलेक्ट्रॉनिक ड्रमच्या धर्तीचा आवाज शून्यापासून सोपा आहे. त्रिकोणी लहर, पिच १८० हर्ट्झवरून ९० वर २५० मिलिसेकंदात, त्यात २५ टक्के नॉइज, सगळ्याचा डिके ५०० मिलिसेकंद. तीन टॉमसाठी सुरुवात २२०, १६०, ११० हर्ट्झ. पण 'हेड फर्स्ट'च्या जवळ जायचं असेल तर टॉम फार कमी वापरा. कडव्यातून ध्रुवपदात जाताना एकदा, बस.

ठेकाघर

गेटेड रिव्हर्बचा क्रम राहिला. रीपरमध्ये:

स्नेअरवरून एका वेगळ्या ट्रॅकवर सेंड (आवाजाची प्रत पाठवणं). त्या ट्रॅकवर आधी मोठे आवाज दाबणारा कॉम्प्रेसर (४:१, अटॅक २० मिलिसेकंद), मग रूम किंवा प्लेट रिव्हर्ब, डिके २ ते २.५ सेकंद, प्रीडिले (प्रतिध्वनी सुरू होण्याआधीचा वेळ) शून्य, फक्त ओला आवाज (मूळ स्नेअर नको). त्यानंतर रीगेट (रीपरमधला गेट: आवाज उतरला की तो बंद करणारा). स्नेअरवरून त्याच ट्रॅकच्या ३/४ चॅनेलवर दुसरा सेंड द्या आणि रीगेटचा डिटेक्टर ऑक्झिलरी इनपुटवर ठेवा. अटॅक १ मिलिसेकंद, होल्ड २०० च्या आसपास, रिलीज ३०.

होल्ड लयीवर ठरवा. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० ठोके) आठवा भाग, म्हणजे अर्धा ठोका, २५० मिलिसेकंदांचा. होल्ड आणि रिलीज मिळून त्याच्या आत संपले पाहिजेत, म्हणजे २०० + ३०. ११० बीपीएमला आठवा भाग २७३, तेव्हा २३० पर्यंत जाता येतं. त्यापुढे शेपटी पुढच्या हायहॅटवर चढते आणि ठेका ओढल्यासारखा वाटतो.

हमखास होणारी चूक: गेटला स्वतःच्याच रिव्हर्बवर उघडू देणं. रिव्हर्ब वर-खाली होत असतो, गेट फडफडतो आणि शेपटी दातेरी तुटते. म्हणून कोरड्या स्नेअरने उघडायचा.

गवाक्ष

थोडा वेगळा मुद्दा. १९८४ च्या सुमाराचे बरेच 'गेटेड' आवाज गेटने केलेले नाहीत. मूळ प्रयोग लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत झाला, पीटर गॅब्रिएलच्या १९८० च्या तिसऱ्या अल्बमसाठी: ध्वनिमुद्रक ह्यू पॅडघॅम, फिल कॉलिन्सचे ड्रम, आणि एसएसएल कन्सोलच्या टॉकबॅक (वादकांशी संवादाच्या) माइकचा दणदणीत कॉम्प्रेसर. तिथे खोली खरी होती. पुढे एएमएस आरएमएक्स१६ या रिव्हर्ब यंत्रात 'नॉनलिन' हा प्रोग्रॅम आला आणि बहुतेकांनी खोली सोडून तोच वापरला. त्यात रिव्हर्ब घसरतच नाही. सपाट राहतो आणि थांबतो. गेटने कापलेल्या प्लेटमध्ये कापायच्या आधीची घसरण ऐकू येते, नॉनलिनमध्ये येत नाही. व्हॅल्हॅला व्हिंटेजव्हर्ब या विकतच्या प्लगइनमध्ये नॉनलिनचा मोड आहे. पोत वेगळा आहे, दोन्ही ऐकून ठरवा.

ठेकाघर

मान्य. पैसे खर्च करायचे नसतील तर माझा मार्ग, करायचे असतील तर गवाक्ष यांचा. मोफतवाल्यांसाठी एक तडजोड: गेटच्या आधी, रिव्हर्बनंतर दुसरा कॉम्प्रेसर, ८:१, रिलीज १०० मिलिसेकंदांच्या आत. तो घसरणारी शेपटी वर उचलून सपाट करतो आणि फरक बराच कमी होतो.

बासबाज

किक वाजताना बास आणि पॅड दबवायला साइडचेन किती डीबी ठेवावा? ६ पुरेसा होतो का?

काळी_पाच

शून्य.

बासबाज

शून्य ठेवला तर किक बुडतो. आजच्या कानांना तो उपसा हवाच असतो. रेट्रो म्हणजे संग्रहालय नव्हे.

काळी_पाच

किक बुडतो तो मांडणीमुळे. साइडचेनचा श्वास घेणारा परिणाम नव्वदच्या उत्तरार्धात फ्रेंच हाऊसने रूढ केला. १९८४ च्या आवाजात तो घातला की पॅड दर ठोक्याला दचकतो आणि ब्रासची रुंदी गिळली जाते. तुम्हाला २००५ नंतरचं इलेक्ट्रो करायचं असेल तर जरूर वापरा. धाग्याचा प्रश्न वेगळा आहे.

त्याऐवजी जागा सुरांनी करा. प्रत्येक ठोक्याच्या चार सोळांशांपैकी पहिल्यावर किक, बास गप्प. उरलेल्या तिन्हींवर बास. किंवा बास पहिल्यावर वाजू द्या पण खालच्या सप्तकातला नको, वरचा घ्या. बासच्या सुरांची लांबी ६० ते ६५ टक्के. १२० बीपीएमला सोळांश १२५ मिलिसेकंदांचा, म्हणजे सूर ७५ ते ८० मिलिसेकंदांचा. उरलेल्या ४५-५० मिलिसेकंदांत किकच्या टोकाला वाट मिळते. किक स्वतः आखूड ठेवा, १५० ते १८० मिलिसेकंद. आजच्या लांब ८०८ किकने इथे सगळं बिघडतं.

बासचा पॅच साधा: एक सॉ, खाली एक सप्तक चौकोनी सब-ऑसिलेटर ४० टक्के, फिल्टरचा डिके १२० ते १६०, सस्टेन १० टक्के. कोरस (आवाजाची हलती प्रत मिसळणारा परिणाम) नाही. १२० हर्ट्झच्या खाली सगळं मोनो.

बासबाज

तिन्ही सोळांशांवर बास ठेवून, किक आखूड करून पाहिलं. किक वर आला, साइडचेनची गरज उरली नाही. पण कडव्यात बास फार घोड्याच्या टापांसारखा पळतो.

काळी_पाच

कडव्यात सप्तकाची उडी काढा. एकाच सुरावर आठवे भाग ठेवा. उडी आणि सोळांश फक्त ध्रुवपदात. ती राखून ठेवली की ध्रुवपद आपोआप उचललं जातं.

सोल्डरगन

खरं यंत्र घ्यायचा विचार असणाऱ्यांसाठी, कारण 'जपानहून ज्युनो-१०६ (रोलँडचा जुना सिंथ) मागवू का' हा प्रश्न अशा धाग्यात येतोच.

जपानी मॉडेल १०० व्होल्टचं असतं. आपल्याकडे २३० ते १०० चा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. १०० व्हीएचा पुरतो. दुकानात बहुधा ११० चा देतात. तो १० टक्के जास्त आहे, आतले रेग्युलेटर उगाच तापतात. १०० चाच मागा आणि लावण्याआधी मल्टिमीटरने मोजा.

ज्युनो-१०६ चा ठरलेला आजार म्हणजे ८००१७ए हे आवाजाचे मॉड्यूल. सहा असतात, एकेका स्वराला एक. त्यांच्यावरचा काळा इपॉक्सी थर वर्षांनी विद्युतगळती करू लागतो. लक्षणं: एखादा स्वर गायब, सूर सोडल्यावरही बारीक गुणगुण, मध्येच तडतड. तपासायला की-ट्रान्सपोजचं बटण दाबून धरून यंत्र चालू करा. टेस्ट मोडमध्ये कुठला स्वर वाजतोय त्याचा क्रमांक डिस्प्लेवर दिसतो. एकेक सूर दाबत सहाही ऐका. विकणाऱ्याकडून याच मोडमधला व्हिडिओ मागवा, नुसते कॉर्ड वाजवलेला नको. कॉर्डमध्ये मेलेला स्वर लपतो.

दुरुस्ती दोन प्रकारे. नवे बदली मॉड्यूल बसवणं, किंवा जुने काढून झाकणाच्या काचेच्या बरणीत ॲसिटोनमध्ये एक-दोन दिवस भिजवून मऊ झालेला थर सोलणं. ॲसिटोन लगेच पेट घेतो, स्वयंपाकघरात अजिबात नको. डिसोल्डर करताना पंप नीट वापरा. बोर्डावरचे पॅड उचकटले तर मॉड्यूलपेक्षा मोठं काम निघतं.

आतली लिथियम बॅटरी (सीआर२०३२) थेट सोल्डर केलेली असते. ती बदलताना होल्डर बसवून घ्या. त्याआधी पॅचेस टेप-सेव्हने संगणकात ध्वनी म्हणून उतरवा, नाहीतर सगळे जातात. कोकणात किंवा मुंबईत स्लायडर दमट हवेने खरखरतात; पावसाळाभर कापडी झाकण आणि सिलिका जेल ठेवा.

अनुस्वार

एवढं करून ज्युनोचं खास काय मिळतं?

सोल्डरगन

कोरस. ज्युनोत एका स्वराला एकच ऑसिलेटर, तोही डिजिटल घड्याळावर चालणारा, त्यामुळे नुसता ऐकला तर सपाट. कोरस १ साधारण अर्ध्या हर्ट्झने हलतो, कोरस २ ०.८ च्या आसपास. डिले काही मिलिसेकंदांचाच, डावीकडे आणि उजवीकडे उलट दिशेने. टॅल-कोरस-एलएक्स हा मोफत प्लगइन हेच काम करतो. ओबी-एक्सडीच्या ब्रासवर मात्र लावू नका. त्यात दोन ऑसिलेटरचा हेलकावा आधीच आहे. वर कोरसचा दुसरा आला की दोन्ही एकमेकांना पुसतात. कोरस एका ऑसिलेटरच्या पॅडसाठी आणि डीएक्सच्या इलेक्ट्रिक पियानोसाठी.

षड्जग्राम

अवांतर, पण ओबीवाला यांच्या थांबलेल्या बासशी थेट जोडलेलं. चरणजित सिंग यांचा 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' १९८२ चा, मुंबईत झालेला, एचएमव्हीचा. यंत्रं तीन: टीबी-३०३ (बास), टीआर-८०८ (ड्रम), ज्युपिटर-८. त्याचं पुनर्प्रकाशन २०१० मध्ये झालं, म्हणजे 'हेड फर्स्ट'च्याच वर्षी. भैरवी, ललित, भूपाळी, तोडी असे दहा राग. कॉर्ड बदलण्याचा प्रश्नच येत नाही. षड्जाचा आधार कायम आणि सगळी हालचाल त्याच्या वर.

सिंथवर मींड काढू पाहणाऱ्यांसाठी कामाची गोष्ट: ३०३ ची स्लाइड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरणं) ठरावीक वेळेची असते, साधारण ६० मिलिसेकंद, अंतर एक श्रुतीचं असो वा एक सप्तकाचं. प्लगइनमध्ये ग्लाइडला 'कॉन्स्टंट टाइम' आणि 'कॉन्स्टंट रेट' असे दोन पर्याय असतील तर ३०३ साठी पहिला घ्या. गायकी अंगाची लांब मींड हवी तर ग्लाइडचा नाद सोडा आणि पिच बेंडची रेघ हाताने काढा.

काळी_पाच

+१. आणि याच अल्बमवरून १९८२ आणि १९८४ मधलं अंतरही कळतं. ८०८ चा ठेका पूर्ण ॲनालॉग, लिनड्रमचा सॅम्पल केलेला. एकाच्या जागी दुसरा ठेवला की सगळ्या अल्बमचं वर्ष बदलेल.

कंठस्थ

गायनाबद्दल कुणीच बोललं नाही, आणि 'हेड फर्स्ट'मध्ये तेच मध्यभागी आहे. ॲलिसन गोल्डफ्रॅपचा श्वासमिश्रित, जवळून आलेला आवाज थरांवर थर रचून उभा केलेला आहे. शेवटचा 'व्हॉइसथिंग' तर जवळजवळ आवाजाच्याच थरांवर चालतो.

माइकपासून १० ते १५ सेंटिमीटर, मध्ये पॉप फिल्टर, आवाज हळू पण शब्द स्पष्ट. मुख्य ओळ एक; तीच दोन वेळा परत गा, कॉपी-पेस्ट नको. दोन्ही जादा थर ६० टक्के डावीकडे-उजवीकडे, मुख्यपेक्षा ८ ते १० डीबी खाली. या जादा थरांतून 'स', 'श', 'त' आणि ओळीच्या शेवटची व्यंजनं कापून टाका, फक्त स्वर राहू द्या. न कापता ठेवलीत तर प्रत्येक 'स' तीनदा फुटतो आणि ते कुठल्याही डी-एसरने ('स'चा फटकारा कमी करणाऱ्या प्लगइनने) सुधारत नाही.

नंतर मायक्रोपिच: डावीकडे ८ सेंट खाली १२ मिलिसेकंद उशिरा, उजवीकडे ८ सेंट वर १८ मिलिसेकंद उशिरा, मिश्रणात इतकं कमी की बंद केल्यावरच कळावं. प्लेट रिव्हर्ब १.८ सेकंद, प्रीडिले ८० ते १००, आणि रिव्हर्बच्या आधी ४५० हर्ट्झचा हाय-पास (खालचे सूर कापणारा फिल्टर). डी-एसर रिव्हर्बच्या सेंडवर वेगळा लावा, ६ ते ८ किलोहर्ट्झ. मुख्य आवाजावर तेवढा कडक लावलात तर श्वास मरतो, आणि श्वास गेला की या शैलीत काही उरत नाही.

रीळ

मास्टर चॅनेलवर कॅसेटचा थरथराट देणारे प्लगइन लावू नका ही माझी कळकळीची विनंती. १९८४ चे अल्बम कॅसेटवर नव्हे, दोन इंची २४ ट्रॅक टेपवर बनले. त्या यंत्रांचा वॉव-फ्लटर (टेपच्या वेगातली डुगडुग) ०.०५ टक्क्यांच्या आसपास, कानाला न कळणारा. डुगडुगणारा सूर ही ऐकणाऱ्याच्या झिजलेल्या कॅसेटची आठवण आहे, स्टुडिओची नाही. टेपचं जे खरं द्यायचं ते एवढंच: ड्रमच्या टोकांवर एक-दोन डीबीचं मऊपण.

आवाजाची पातळी उणे १३-१४ लफ्सवर (सरासरी मोठेपणाचं माप) सोडा, टोक उणे १ डीबी ट्रू पीक. स्पॉटिफाय उणे १४ ला आणतंच. उणे ७ पर्यंत दाबलंत तर स्नेअरचा फटका आणि त्याची गेटेड शेपटी एकाच उंचीच्या होतात आणि गवाक्ष-ठेकाघर यांची सगळी मेहनत वाया.

बासबाज

पण 'हेड फर्स्ट' स्वतः २०१० चा आहे, तो काही १९८४ इतक्या हलक्या पातळीवर नाही.

रीळ

नाहीच. म्हणून मी उणे १७ सांगितलं नाही. लांबीत मात्र तो जुनी शिस्त पाळतो: ३८ मिनिटं म्हणजे एलपीच्या बाजूला सरासरी १९. बाजू २२ मिनिटांच्या पुढे गेली की खाचा जवळ आणाव्या लागतात, बास आणि पातळी कमी करावी लागते.

खर्जसप्तक (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. १२ डीबी फिल्टर, आठ स्वर आणि स्वरांचं पॅनिंग एवढ्यानेच ब्रास बदलला; प्लास्टिक गेलं. बास-किकही वेगळे झाले. आता अडचण उरली ती ध्रुवपदात: ब्रास, ज्युनो-पॅड आणि डेक्स्ड या डीएक्स७ सारख्या प्लगइनचा इलेक्ट्रिक पियानो एकत्र आले की २५० ते ४०० हर्ट्झमध्ये चिखल होतो. इक्वलायझरने ४ डीबी कापलं तर चिखल जातो, पण जाडीही जाते.

ओबीवाला

कापू नका, उचला. तिन्ही वाद्यं मधल्या सीच्या आसपास बसलेली असणार. पॅड एक सप्तक वर न्या, आणि त्यात कॉर्डचे फक्त दोन स्वर ठेवा, तिसरा आणि पाचवा. मूळ स्वर बासकडे आहेच. इलेक्ट्रिक पियानोचा डावा हात पूर्ण काढा. ब्रासवर १५० हर्ट्झचा हाय-पास, १२ डीबीचा. मग २५०-४०० मध्ये ब्रास एकटा राहतो आणि तिथेच त्याची जाडी आहे.

सोल्डरगन

डेक्स्डमध्ये इंजिन 'मार्क १' वर ठेवा, 'मॉडर्न' नको. आणि पियानो जोरात वाजवा: डीएक्सच्या पॅचमध्ये ठोक्याचा जोर मॉड्युलेटरपर्यंत (चमक ठरवणाऱ्या भागापर्यंत) जातो, हलक्या हाताने फक्त गोल बुंधा ऐकू येतो आणि तोच चिखलात भर घालतो. व्हेलॉसिटी ९५ ते ११० मध्ये ठेवून फेडर खाली घ्या.

कंठस्थ

शिवाय पियानो गाण्याच्या ओळी संपतात तिथेच वाजू द्या, ओळीच्या खाली नको. गायिका श्वास घेते तेवढी जागा त्याला पुरते.

ठेकाघर

हे झाल्यावर सगळं मोनोत ऐका. कोरस लावलेला पॅड मोनोत ३ डीबीहून जास्त खाली गेला तर कोरस २ वरून १ वर या, किंवा कोरसचा ओला भाग ४० टक्क्यांवर आणा. फोनच्या स्पीकरवर ब्रास आणि स्नेअर टिकले पाहिजेत. पॅड हरवला तरी चालेल.